हजार वर्षांचा करार

अमेरिकेतील बोस्टन शहरात हार्वर्ड विद्यापीठाचे आर्नल्ड वृक्षोद्यान आहे. जेम्स आर्नल्ड या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून ते १८७२ साली स्थापन झाले. पहिले संचालक चार्ल्स सार्जंट यांच्यापाशी कस गेलेली शेतजमीन व तुटपुंजा निधी एवढेच होते. उद्यानरचनाकार फ्रेडरिक ओल्मस्टेड यांच्या साहाय्याने त्यांनी १८८२ साली तोड काढली. जमिनीची मालकी शहराने घ्यावी, रस्ते बांधावेत व पहारा ठेवावा. विद्यापीठाने वार्षिक एक डॉलर भाड्याने ती हजार वर्षांसाठी घेऊन झाडे जोपासावीत. लोकांना प्रवेश मुक्त असावा. रस्ते जमिनीच्या चढउतारांनुसार आखले गेले व झाडे कुळांनुसार लावली गेली. १९३८ च्या चक्रीवादळाने सुमारे दीड हजार झाडे पाडली, तरी उद्यान टिकले. कारण राखण कोणाची, हे आधीच ठरलेले होते.

आमच्या धर्मग्रामांतही सभागृहाची, शाळेच्या नव्या इमारतीची निकड असते. परंतु नकाशा आखताना आवारातील जुन्या चिंचेचा विचार आम्ही करतो काय? वृक्षारोपणाचा समारंभ एका सकाळीच आटोपतो. पुढे पाणी कोणी घालावे, हे लिहून ठेवावे लागते. एदेन बागेत परमेश्वराने मानवाला ठेवले, ते तिची मशागत व राखण करण्यासाठीच.