पायांची चाल वेगळी, हातांची वेगळी: तुमच्या मुलांच्या लॅपटॉपमागचा इतिहास



रियाध, जेद्दा, दम्माम, जुबैल, कुठेही राहत असा. उन्हाळ्यात बाहेर खेळणं अशक्य झालं की मुलं लॅपटॉप उघडतात, आणि त्यातली काही ब्लेंडरमध्ये एक माणूस चालवत बसतात. "दोन तास झाले, अजून तेच?" असं विचारलं की उत्तर येतं, "बाबा, हाताचा लेयर वॉकवर नीट बसत नाहीये." आपण मान डोलावतो आणि चहा टाकायला जातो. आज त्या उत्तरामागची गोष्ट सांगते, कारण ती थोडी आपल्या घरचीही आहे.

आधी दोन शब्द समजून घ्या. ब्लेंडिंग म्हणजे दोन हालचालींचं मिश्रण. चालणाऱ्या पात्राला पळायचं आहे. एकदम बदल केला तर झटका दिसतो. म्हणून चालणं 70 टक्के, पळणं 30. मग 40 आणि 60. असं करत पूर्ण पळणं. पण एका हालचालीत डावा पाय पुढे आणि दुसरीत उजवा असेल, तर पावलं घसरल्यासारखी दिसतात. लेयरिंग म्हणजे थर. पाय चालतायत ते तसेच ठेवायचे आणि वर फक्त हाताचा "टाटा" चढवायचा. खालचं काही पुसायचं नाही.

ही कल्पना कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या जपला. कळसूत्री बाहुलीचं अंग तोलणारी दोरी वेगळी, हात हलवणारी वेगळी. खेळ करणारा एकाच वेळी दोन हालचाली सांभाळतो. लेयरिंग हेच तर आहे! पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मग कल्याणला चला. 1892 मध्ये महादेव गोपाळ पटवर्धन यांनी "शांबरिक खरोलिका" सुरू केली. मॅजिक लँटर्नला दिलेलं हे मराठी नाव. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं भराभर बदलायची, सोबत निवेदन आणि संगीत, आणि पडद्यावरची पात्रं हलल्यासारखी वाटायची. ल्युमिए बंधूंचा पॅरिसमधला सिनेमाचा खेळ 1895 चा, म्हणजे त्यानंतरचा. पुढे दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप एकेक चित्र घेत पडद्यावर वाढवून दाखवलं. 1915 च्या "आगकाड्यांची मौज"मध्ये तर काड्यापेटीतल्या काड्याच हलवल्या.

त्याच सुमाराला अमेरिकेत अर्ल हर्डने पारदर्शक सेल्युलॉइडची पद्धत आणली. मागचा देखावा एकदाच काढायचा, अंग एका पारदर्शक पानावर, हलणारा हात दुसऱ्यावर. आजचा "लेयर" हा शब्द ऐकला की ही पानं डोळ्यांसमोर आणा. आणि 1926 मध्ये जर्मनीच्या लोटे रायनिगरने काळ्या कागदाची पात्रं कापून, काचेच्या थरांवर हलवून, "प्रिन्स अहमद"चा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. गोष्ट कुठली? अरेबियन नाइट्सची!

कॉम्प्युटर आला तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. खांदा एकदा 350 अंशांवर आहे, एकदा 10 वर. सरासरी काढा: 180. म्हणजे हात बरोब्बर उलट्या दिशेला! खरं उत्तर शून्य हवं. हात तिन्ही दिशांना फिरतो तेव्हा हा घोळ आणखी वाढतो. 1985 मध्ये केन शूमेक यांनी यावर उपाय दाखवला, क्वाटर्नियन वापरून. हे गणित आयर्लंडच्या हॅमिल्टनने 1843 मध्येच शोधलेलं होतं. 1996 मध्ये न्यूयॉर्कचे केन पर्लिन आणि अथोमस गोल्डबर्ग यांनी "इम्प्रोव्ह" ही प्रणाली मांडली. तिच्यात पात्राच्या हालचाली थरांनी रचल्या जात आणि एकीतून दुसरीत अलगद जात. गेममधलं पात्र पळता पळता मागे वळून बघतं, त्याच्यामागे हीच कल्पना.

आणि आपण राहतो तो देश? इथे पस्तीसहून जास्त वर्षं सिनेमागृहं बंद होती. रियाधचं पहिलं एप्रिल 2018 मध्ये उघडलं. तोवर मुलं स्वस्थ बसली नव्हती. "मसामीर" ही सौदी कार्टून मालिका 2011 पासून यूट्यूबवर गाजत होती. 2021 मध्ये रियाधच्या मांगा प्रॉडक्शन्सने जपानच्या तोएई ॲनिमेशनसोबत "द जर्नी" हा चित्रपट आणला. अरबी द्वीपकल्पातली जुनी कथा, जपानी ॲनिमेची शैली. म्हणजे तुमच्या मुलाला ज्याची ओढ आहे, ते काम याच देशात चालतं.

हे सगळं सांगायचं कारण बारावी. इथली आपली बहुतेक मुलं शाळा संपली की हा देश सोडतात, आणि त्याआधी घरात ठरलेला वाद होतो: इंजिनिअरिंग की "ते कार्टून"? वादाला बसण्याआधी एवढं लक्षात घ्या, की त्या घसरणाऱ्या पावलात त्रिकोणमितीही आहे आणि माणसं बारकाईने बघण्याची सवयही. निर्णय काहीही घ्या, पण "टाइमपास" म्हणून घेऊ नका.

येत्या शुक्रवारी एक करा. लेझीमचा एखादा व्हिडिओ मुलांसोबत लावा आणि सांगा, थर मोज. पाय एका तालात, कमरेची लवण त्यावर, हातातली लेझीम त्याहून वेगळी, आणि मान सगळ्यांच्या वर. मग तेच ब्लेंडरमध्ये करायला सांगा. शाळेत इंग्रजी, बाजारात अरबी-हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना खालचा थर न पुसता वरचा कसा चढवायचा, हे वेगळं शिकवायची गरज पडणार नाही. मात्र तो खालचा थर घालायचं काम आपलं आहे. तेवढं लेझीम आणि मराठी घरात चालू ठेवा.