हलत्या चित्रावरील जकात

इतिहास म्हटला की आपणांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु रोज हाताळल्या जाणाऱ्या लहानसहान वस्तूंनाही इतिहास असतो, आणि हक्कासाठी झालेले तंटे त्यातही असतात. संगणकाच्या पडद्यावर अखंड लुकलुकणारी एखादी पणती घ्या. अशा चित्राच्या फाइलीस बहुधा ‘जिफ’ म्हणतात. या चिमुकल्या फाइलीपायी काही वर्षे मोठे वादळ उठले होते. त्याची हकीगत येथे सांगावयाची आहे.

हलते चित्र म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची माळ होय. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. त्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेऊन त्यांनी त्याची वाढ पडद्यावर दाखविली होती. संगणकावर हेच काम फिल्मवाचून होते. प्रत्येक अवस्थेचे चित्र वेगळ्या थरावर काढावयाचे, थर क्रमाने रचावयाचे, प्रत्येक चित्र किती वेळ दिसावे हे ठरवावयाचे आणि सर्वांची मिळून एक फाइल बाहेर काढावयाची. या शेवटच्या क्रियेस ‘एक्सपोर्ट’ म्हणजे निर्यात म्हणतात. जेथे निर्यात आहे तेथे जकातीचे नाकेही उभे राहू शकते. आणि येथे तसेच घडले.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहरी, कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी टेलिफोनच्या तारांवरून संगणकांना माहिती पुरवीत असे. त्या काळी तारांवरील वहन फार मंद, म्हणून चित्र जितके आटोपशीर तितके बरे. स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी यासाठी जिफ ही पद्धती बसविली व जून 1987 मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका चित्रात फार तर 256 रंग, आणि पुन्हा पुन्हा येणारा मजकूर आवळून ठेवण्याची सोय. भजनाच्या पुस्तकात ध्रुपद एकदाच छापतात आणि पुढे नुसते ‘धृ.’ लिहितात ना? तसेच हे! रंगांची जी ओळ पुन्हा येते तिला एक क्रमांक द्यावयाचा आणि पुढे केवळ क्रमांक लिहावयाचा. 1989 च्या सुधारणेने प्रत्येक चित्र किती शतांश सेकंद थांबावे हे फाइलीतच लिहिता येऊ लागले. 1995 साली नेटस्केप ब्राउझरने ही माळ अखंड फिरविण्याची सोय केली, आणि संकेतस्थळांवर पणत्या लुकलुकू लागल्या.

मात्र ही आवळण्याची युक्ती कॉम्प्युसर्व्हची नव्हती. लेम्पेल आणि झिव्ह या दोन शास्त्रज्ञांनी 1978 साली मांडलेल्या रीतीत टेरी वेल्च यांनी सुधारणा केली व 1984 साली ती एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. लेख सर्वांनी वाचला. परंतु वेल्च ज्या स्पेरी कंपनीत होते तिने 1983 सालीच पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि 1985 साली ते मिळालेही. पुढे 1986 साली स्पेरी व बरोज यांच्या विलीनीकरणातून युनिसिस झाली व हा हक्क तिच्याकडे आला.

डिसेंबर 1994 मध्ये जाहीर झाले की, जिफ तयार करणारे प्रोग्राम विकणाऱ्यांनी यापुढे युनिसिसला शुल्क द्यावे. 1999 साली तर काही संकेतस्थळांसाठी 5000 डॉलर वा त्याहून अधिक रकमेचा परवाना निघाला. युनिसिसचा हक्क कायदेशीर होता, यात शंका नाही. परंतु रस्ता मोकळा समजून लोकांनी त्यावर गाव वसवावे आणि मग नाके उभे राहावे, असा हा प्रकार झाला. साहजिकच संताप उसळला. 5 नोव्हेंबर 1999 हा ‘सर्व जिफ जाळा’ दिन म्हणून पुकारण्यात आला.

तथापि नुसत्या संतापापेक्षा मोलाचे कार्य दुसरीकडे चालू होते. 1995 च्या आरंभी काही जाणकारांनी पत्रव्यवहारातून पेटंटमुक्त अशी पीएनजी पद्धती रचावयास घेतली. ऑक्टोबर 1996 मध्ये तिला वेबच्या प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली. रंगांच्या बाबतीत ती जिफहून कितीतरी सरस. पण तिच्यात एक उणीव राहिली: ती हलत नव्हती! म्हणून शहाण्यांनी पीएनजी वापरली, आणि पणती मात्र जिफमध्येच तेवत राहिली.

अमेरिकेत पेटंटची मुदत 20 जून 2003 रोजी संपली. इतर देशांतही 2004 साली ते सरले. चित्रे तयार करणाऱ्या ‘जीडी’ या साधनाने 1999 साली जिफ टाकून दिली होती. जुलै 2004 मध्ये ती त्यात पुन्हा आली. त्याच वर्षी हलत्या पीएनजीची योजना पुढे आली, आणि 2025 साली तीही अधिकृत प्रमाणात समाविष्ट झाली.

या कथेचे तात्पर्य काय? संशोधकास श्रमाचे फळ मिळावे, हे आम्हांसही मान्य आहे. पेटंटाला मुदत असते, आणि त्या मुदतीच्या मोबदल्यात ज्ञान अखेर सर्वांचे होते, हा त्यातील न्यायाचा भाग. परंतु जी वस्तू सार्वजनिक व्यवहाराची होऊ पाहते, तिच्यावर कोणाचा हक्क आहे हे वापर रुळण्यापूर्वीच उघड असावयास हवे. आणि नाके जाचक वाटले तर नुसती ओरड करून भागत नाही. दुसरी वाट बांधणारे हातही लागतात. जिफवरील जकात कालांतराने उठली. पीएनजी मात्र ती उठल्यावरही टिकून राहिली.