सीपॅप आणि वॉट-तासांचा हिशेब

३० जुलै २०१२. पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाचा श्वासमार्ग हवेच्या दाबाने उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र अशा क्षणी थांबते; घसा पुन्हा मिटू लागतो. १९८१ मध्ये कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत ही पद्धत मांडली, तेव्हा पर्याय होता तो जड शिसे-आम्ल बॅटरीचा. यंत्राला ३० वॉट धरले, तर ८ तासांस २४० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअर-तास लागतात. शिशाची बॅटरी निम्मीच रिकामी करणे हितावह, म्हणून ४० अँपिअर-तासांची घ्यावी लागे. १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आली, ओझे हलके झाले. मात्र हवा दमट करणारा ह्युमिडिफायर (खरा खादाड तोच!) बंद ठेवला, तरच हा हिशेब जुळतो.