सुनावणी कुठे बसते: सातारा-सांगलीतील कर आणि अंतर

घरपट्टीची फेरआकारणी झाली की नोटीस निघते, हरकतीची मुदत लागते आणि मग सुनावणीची तारीख. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की सुनावणी नेमकी कुठे होते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कर किती लागावा यावर आपण वाद घालतो, दर आणि मोजमाप तपासतो. पण सुनावणीची जागा म्हणजे निव्वळ सोयीचा भाग, असे धरून चालतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वेगळेच सांगतो. हरकतीचा हक्क कागदावर सगळ्यांना मिळाला, तरी तो कुणाला वापरता येईल हे बहुतेक वेळा अंतराने ठरवले. म्हणून दूरदृश्य माध्यमातून सुनावणी घेण्याची मागणी ही चैन नसून एका जुन्या अन्यायाची दुरुस्ती आहे, असे मी मानतो.

मराठेशाहीत वतनाचा वा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे येई. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांचे जाणकार जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे जातीची उतरंड होती आणि साऱ्याचा आकडा दरबारच ठरवी. पण तंटा जिथला, तिथल्याच माणसांसमोर तो चाले, एवढे खरे. कंपनी सरकारच्या काळात तंटा आणि निवाडा यांतले अंतर झपाट्याने वाढले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे खटपट करून रिकाम्या हाताने परतले. राजाच्या वकिलाची ही गत, तर कुळाची काय असेल? १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्पिढ्यांच्या इनामदारांना सनदा घेऊन स्वतःचा हक्क सिद्ध करावा लागला. पुढे १८७६च्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्याने साऱ्याच्या आकाराविरुद्ध दिवाणी न्यायालयात जाण्याची वाटच बंद केली. ज्या खात्याने सारा बसवला, त्याच खात्याच्या कचेरीत दाद मागायची, एवढेच उरले. त्या कचेरीत शेतकऱ्याची काय दशा होई, हे जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. ज्या मुलखाचे ते लिहीत होते, तो त्यांच्या घरचा होता.

सातारा नगरपालिका १८५३ची, म्हणजे देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. आज तिथे १९६५चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे, तर १९९८मध्ये स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला १९४९चा महापालिका अधिनियम. दोन्हींत आकारणीची यादी प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे आणि त्या ऐकणे बंधनकारक आहे. महापालिकेच्या करनियमांनुसार तक्रारदार आला तर त्याच्या समक्ष आणि न आला तर त्याच्या गैरहजेरीत निर्णय होतो. करयोग्य मूल्याविरुद्ध पुढे न्यायालयात अपील करायचे, तर आधी ही तक्रार केलेली असावी लागते आणि मागणीची रक्कमही भरावी लागते. म्हणजे पहिली सुनावणी हुकली की माणूस मुख्य दारावरच अडतो. आणि ती कुणाची हुकते? पाटण, जावळीच्या खोऱ्यांतला माणूस गिरण्यांपासून माथाडीपर्यंत मुंबईत राबत आला. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यापायी देशभर पसरले. यांची घरे इथे आणि पोट दुसरीकडे. गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असते आणि आकारणी पटली नाही तर अपील पंचायत समितीकडे करायचे असते. केरळात दुकान थाटलेल्या गलाईवाल्याने काही शे रुपयांच्या वाढीसाठी विट्याला यावे, ही अपेक्षा म्हणजे त्याने हरकत घेऊच नये असे सांगणे होय. मुखत्यार नेमता येतो हे खरे. पण भावकीतला वाद असेल, तर मुखत्यार मिळणेच अवघड.

दूरदृश्य सुनावणीला सगळ्यात वजनदार आक्षेप आहे तो पाहणीचा. घर कौलारू की स्लॅबचे, माडी किती, भाडेकरू आहे की नाही, हे पडद्यावर कसे कळणार? या आक्षेपाला इतिहासाचा आधारही आहे. याच मुंबई इलाख्यात १९२८ साली बारडोलीच्या सारावाढीविरुद्धच्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा सुमारे २२ टक्क्यांची सारावाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली. आधीची आकारणी गावात नीट न फिरता झाली होती, हे त्या चौकशीत उघड झाले. पण बारडोलीचा हा धडा पाहणीचा आहे, कचेरीतल्या हजेरीचा नाही. मालक पालिकेच्या सभागृहात रांगेत उभा राहिला म्हणून त्याचे घर अधिकाऱ्याला दिसत नाही. पाहणी घरापाशी व्हायला हवी आणि म्हणणे मालक असेल तिथून ऐकता यायला हवे. ही दोन कामे वेगळी आहेत; आपण ती एकत्र बांधली आणि दोन्ही अर्धवट ठेवली.

दुसरा आक्षेप कायद्याचा. समक्ष म्हणजे समोरासमोर, असे काही जण म्हणतील. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्येच अमेरिकेतल्या साक्षीदाराची साक्ष दूरदृश्य माध्यमातून घ्यायला मान्यता दिली. तो फौजदारी खटला होता. तिथे चालते ते घरपट्टीत का चालू नये? प्राप्तिकर खात्याने २०२०पासून चेहराविरहित आकारणी आणि अपील सुरू केले. अमेरिकेत टेक्सास राज्यात मालकाला करमूल्यांकनाच्या सुनावणीत फोनवरून किंवा व्हिडिओवरून भाग घेता येतो. मात्र आधी लेखी कळवावे लागते आणि पुरावे प्रतिज्ञापत्रासह आगाऊ द्यावे लागतात. ही अट मला मोलाची वाटते. कागद आधी गेले की अधिकाऱ्यालाही आकारणीचा तक्ता आधी उघडा करावा लागेल, असा नियम त्यासोबत आपण करू शकतो. आज बऱ्याच नागरिकांना मोजमापाचा तपशील सुनावणीच्या टेबलावरच पहिल्यांदा दिसतो आणि तिथल्या तिथे त्यावर बोलावे लागते.

उरतो तो आक्षेप सगळ्यात जिव्हाळ्याचा. हरकतदार एकत्र जमतात, एकमेकांच्या नोटिसा ताडून पाहतात, आवाज उठवतात आणि मग वाढ मागे घेतली जाते. पडद्यापुढे एकटा बसलेला माणूस ही ताकद गमावेल. या जिल्ह्यांत सामूहिक बळाची परंपरा मोठी आहे. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते १९४६, नाना पाटलांच्या सहकाऱ्यांची न्यायदान मंडळे गावातच, सगळ्यांसमोर निवाडे देत. म्हणून ही भीती मी हलकी मानत नाही. प्रत्यक्ष सुनावणी बंद करून फक्त पडदा ठेवला, तर वयस्कर माणसे आणि मोबाइलला रेंज नसलेल्या कोयनेकाठच्या वाड्या पुन्हा बाहेर राहतील. तेव्हा निवड मालकाची असावी, कार्यालयाची नव्हे. ज्याला यायचे त्याने यावे, ज्याला शक्य नाही त्याने नोटिशीच्या उत्तरातच तसे लिहावे, आणि ग्रामपंचायतीत बसून जोडणी घेण्याची सोयही असावी. सामूहिक बळ टिकवायचे तर प्रत्येक प्रभागातील हरकती आणि त्यांवरचे निर्णय कारणांसह प्रसिद्ध करावेत. मग दूर बसलेल्यालाही शेजाऱ्याच्या आकारणीशी आपली आकारणी ताडून पाहता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, असे मला वाटते. शासनाने नियमांत एक स्पष्ट तरतूद केली आणि हरकतीच्या नमुन्यात एक रकाना वाढवला, तर पुढच्या फेरआकारणीपासून ही सोय सुरू करता येईल.