वाटेचा हक्क आणि शाळेचे फाटक



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांना प्रथम वंदन करतो. आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. शाळेत बंदूक येऊ नये म्हणून समाजाने काय करावे, हा तो विषय. मी आयुष्यभर मराठी भाषा आणि साहित्य शिकवले. कायदा हे माझे क्षेत्र नव्हे. शिवाय शाळेतील गोळीबार ही अमेरिकेतील बातमी; तिचे आपल्या सिल्वासाला काय, असेही कोणी विचारील. या शंकेचे उत्तर मला आपल्याच भूमीच्या इतिहासात सापडले. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

१

पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला. ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानीची भरपाई आणि मैत्रीची खूण म्हणून बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना देण्याचे ठरले आणि त्यानुसार १७८३ ते १७८५ या काळात नगर हवेली व दादरा त्यांच्याकडे गेली. परंतु या मुलखाला समुद्र नाही. दमणहून येथे यायचे तर मधला परका मुलूख ओलांडावा लागे. व्यापारी येत-जात, अधिकारी येत-जात, धान्य आणि मीठ येत-जात असे. प्रश्न उभा राहिला तो शिपायांचा आणि त्यांच्या बंदुकांचा.

१८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. एकाच्या सशस्त्र दलाने दुसऱ्याच्या हद्दीत यायचे ते कराराने नेमून दिलेल्या कारणांसाठी, नाही तर रीतसर विनंती करून, आणि शस्त्रे व दारूगोळा आणायचा तो संमतीनेच, असे त्यात ठरले. त्याच वर्षी लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानचा शस्त्र कायदा झाला आणि १८८० साली त्याच्या नियमांत पोर्तुगीज हद्दीशी होणाऱ्या शस्त्रांच्या ने-आणीसाठी खास परवान्याची अट आली.

पुढे १९५४ च्या जुलैमध्ये मुक्तिसंग्राम पेटला. २१ आणि २२ जुलैच्या दरम्यान दादरा मुक्त झाले, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके, राजा वाकणकर, विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी ही नावे आपल्या शाळेच्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. आम्हाला दमणहून या मुलखात येण्याच्या वाटेचा हक्क आहे आणि भारताने तो अडवला, अशी त्यांची तक्रार होती.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, असे न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य केले. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना मात्र तसा हक्क नव्हता. हा दुसरा निर्णय आठ विरुद्ध सात, म्हणजे अवघ्या एका मताने झाला. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असेही बहुमताने ठरले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला.

हा निकाल आपण दर मुक्तिदिनी विजयाची खूण म्हणून सांगतो. त्यात एक तत्त्वही आहे. माणसाला वाट आहे. बंदुकीला वाट परवानगीने मिळते. दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. माझे आजचे सारे प्रतिपादन या एका तत्त्वाचा विस्तार आहे.

२

परवानगीची ही कल्पना आपल्या देशाने सहजासहजी स्वीकारलेली नाही. १८७८ चा कायदा अपमानकारक होता. युरोपीय माणसाला त्यातून सूट आणि हिंदी माणसाला परवाना, असा उघड भेद त्यात होता. म्हणूनच काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून त्याविरुद्ध आवाज उठवला. नि:शस्त्र प्रजा म्हणजे नामर्द केलेली प्रजा, ही टिळकांच्या पिढीची वेदना होती. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच घातला गेला.

मग स्वतंत्र भारताच्या घटनेत तो का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती आणि कराचीच्या ठरावाची आठवणही दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. स्वातंत्र्य मिळाल्यावर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा राष्ट्रावर प्रसंग आला असता शस्त्र धारण करण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि असा हक्क एकदा सर्वांना दिला की गुन्हेगारही तो मागतील, हेही त्यांनी दाखवून दिले. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो ‘शांततेने व विनाशस्त्र’. हा एकच शब्द अमेरिकेची आणि आपली वाट वेगळी करतो. तेथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्राला हक्काचे स्थान दिले. आपण त्याला परवान्याच्या रांगेत उभे केले.

१९५९ चा शस्त्र कायदा हाच विचार पुढे नेतो. परवान्याशिवाय बंदूक नाही. नेमबाजीच्या शिक्षणापुरता अपवाद सोडला तर एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणालाही ती बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानेधारकाकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्नकार्यात हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला तुरुंगाची तरतूद केली. परवाना घेणाऱ्याने शस्त्र सुरक्षित ठेवावे, ही अपेक्षा २०१६ च्या नियमांत आहेच.

३

एवढा कायदा असताना मग चिंता कशाची? आता तीन घटना सांगतो. त्या आपल्याच देशातील आहेत.

११ डिसेंबर २००७ रोजी गुरगावच्या, आजच्या गुरुग्रामच्या, एका खाजगी शाळेत आठवीच्या दोन मुलांनी चौदा वर्षांच्या वर्गमित्राला गोळ्या घालून ठार केले. पिस्तूल एका मुलाच्या वडिलांचे होते. २० जानेवारी २०१८ रोजी हरियाणातल्याच यमुनानगरमध्ये बारावीच्या विद्यार्थ्याने आपल्या मुख्याध्यापिकेला गोळ्या घातल्या. रिव्हॉल्व्हर वडिलांचे, परवान्याचे. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारमधील सुपौल जिल्ह्यात बालवर्गात शिकणाऱ्या चिमुकल्याने दप्तरातून पिस्तूल काढले आणि तिसरीतल्या दहा वर्षांच्या मुलावर गोळी झाडली. ती हाताला लागली आणि मुलगा वाचला.

या शेवटच्या घटनेपाशी क्षणभर थांबा. ज्या वयात मूल ‘ब’ बदकाचा गिरवते, त्या वयाचे ते मूल. त्याच्या मनात वैर होते की खेळ, याचा शोध घेण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती पिस्तूल लागले, एवढेच पुरेसे होते. आणि ते मोठ्या माणसाच्या हातून सुटल्याशिवाय लागत नाही.

म्हणून मी म्हणतो की, शाळेतल्या बंदुकीची वाट बहुतेक वेळा घरातल्या कपाटापासून सुरू होते. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तेथील शिक्षण खात्यासह १९७४ ते २००० या काळातील शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ साली अहवाल दिला. हल्लेखोरांपैकी ६८ टक्क्यांनी शस्त्र स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवले होते. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला; त्याचे पिस्तूल चारच दिवसांपूर्वी वडिलांनी विकत आणले होते. २०२४ साली तेथील न्यायालयात आई आणि वडील दोघेही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले. ज्या देशात बंदूक हा हक्क आहे, तेथेही कपाटाच्या किल्लीचा जाब आता आईबापांना विचारला जाऊ लागला आहे.

४

आता शाळेच्या फाटकाकडे येऊ. पेशावरच्या सैनिकी शाळेवर १६ डिसेंबर २०१४ रोजी अतिरेक्यांनी हल्ला करून १३० हून अधिक मुलांचे प्राण घेतले. त्यानंतर आपल्याकडेही शाळांना सुरक्षेच्या सूचना पुन्हा पाठवल्या गेल्या: उंच भिंत, पहारेकरी, कॅमेरे. माझ्या बालपणी शाळेला शेराचे कुंपण असे आणि त्यातून शेळ्या आत येत. ते दिवस परत येणार नाहीत, यावेही असे नाही. फाटक हवे, वहीत नोंद करणारा दक्ष शिपाई हवा, वर्गाला आतून कडी हवी.

परंतु फाटकावर सारा भार टाकू नये, हा जगाचा अनुभव आहे. अमेरिकेत १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेला सशस्त्र पोलीस नेमलेला होता. तेरा जणांचा जीव गेला. २०१२ साली सँडी हूकच्या शाळेचे दार बंद होते; मारेकरी काच फोडून आत शिरला आणि वीस मुले व सहा मोठी माणसे मारली गेली. २०२२ साली टेक्सासमधील युवाल्डे येथे ३७६ पोलीस शाळेपाशी गोळा झाले आणि तरीही मारेकऱ्यापर्यंत पोचायला ७७ मिनिटे लागली. एकोणीस मुले व दोन शिक्षिका गेल्या. यात पहाऱ्याची निंदा करण्याचा हेतू नाही. बंदूक फाटकापर्यंत पोचली म्हणजे फार उशीर झालेला असतो, एवढेच सांगायचे आहे.

याउलट उदाहरण स्कॉटलंडचे आहे. १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत एका इसमाने सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका यांना ठार केले. त्याची पिस्तुले परवान्याची होती. पालकांनी आणि नागरिकांनी चळवळ उभारली, लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि १९९७ च्या दोन कायद्यांनी ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. त्यानंतर तेथील कोणत्याही शाळेत बंदुकीने तसे हत्याकांड झालेले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली. तेथील सरकारने कायदा कडक करून सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून विकत घेतल्या आणि नष्ट केल्या. दोन्ही देशांनी बंदुकीला शाळेच्या फाटकावर अडवले नाही. तिला वाटेतच, दुकानात आणि घरात अडवले.

५

शेवटी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. ती आजवर मी व्यासपीठावरून सांगितलेली नाही. मी नोकरीच्या आरंभीच्या काळात एका गावी शिकवत होतो. एके दिवशी तास संपल्यावर एक मुलगी मागे राहिली आणि खाली पाहत म्हणाली, ‘सर, त्याच्या पिशवीत गावठी कट्टा आहे.’ मी त्या मुलाला बाजूला घेतले. त्याने मुकाट्याने पिशवी उघडली. मी त्याच्या वडिलांना बोलावले, ते शस्त्र त्यांच्या स्वाधीन केले आणि संस्थेचे नाव खराब होऊ नये म्हणून पोलिसांना कळवले नाही. वडील हसत म्हणाले, ‘पोरगं आहे, चालायचंच.’ मीही हसलो.

पुढे काही अघटित घडले नाही. ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे, दैव बलवत्तर म्हणून. बेकायदेशीर शस्त्र मी पुन्हा त्याच घरात पाठवले होते आणि त्या मुलाला कोणाची भीती वाटते, कोणाचा राग आहे, हे साधे विचारलेही नव्हते. त्या दिवशी शहाणे एकच माणूस होते, ती मुलगी. मघाशी उल्लेखिलेला अहवाल सांगतो की ८१ टक्के घटनांत हल्ल्याचा बेत आधी कोणाला तरी, बहुधा बरोबरीच्या मुलांना, ठाऊक होता. शाळेचा खरा पहारेकरी फाटकावर नसतो, तो बाकावर बसलेला असतो. त्याने धीर करून सांगावे असे शिक्षक त्याला भेटले पाहिजेत, आणि शिक्षकाने ऐकलेली गोष्ट संस्थेच्या अब्रूखाली झाकता कामा नये.

मित्रहो, मागणे तीनच आहेत. ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे, त्यांनी ते रिकामे करून कुलपात ठेवावे आणि किल्ली मुलांच्या नजरेआड ठेवावी. गरज उरली नसेल तर ते परत करावे. परवाना देणाऱ्यांनी अर्ज तपासताना त्या घरातल्या मुलांची आठवण ठेवावी. आणि या शाळेने वर्षातून एकदा प्रत्येक वर्गात सांगावे की अशी गोष्ट सांगणे ही चुगली नसते.

हेगच्या न्यायालयात बंदुकीला वाट नाही हे एका मताने ठरले. प्रत्येक घरातही ते एकाच मताने ठरते: कपाटाला कुलूप लावणाऱ्याच्या. गुरुजींच्या या शाळेत मुलांना यायला-जायला वाट सदैव मोकळी राहो, आणि बंदुकीला ती कधीही न मिळो, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो.