मिठाच्या शेजारची वीज

कल्याणहून येणारा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला जिथे मिळतो, तो शीळफाटा. पश्चिमेला पारसिकचा डोंगर आहे, काळ्या बेसॉल्टचा. उत्तरेला देसाई गावाच्या अंगाने भरतीचे पाणी आत घेणारी खाडी आहे. ती दिव्याच्या बाजूला मोठ्या खाडीला जाऊन मिळते. म्हणजे तासाभराच्या चालीत आपण कोरड्या खडकावरून खाऱ्या चिखलात पोचतो. भूगोलाच्या शिक्षकांना ही सहलीची उत्तम जागा आहेच, पण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनीही तिच्याकडे पाहावे असे मला वाटते. इथल्या घरांत वीज ज्या खोड्या करते, त्यांचा इतिहास अडीचशे वर्षांचा आहे.

खाडीकाठच्या घरांतल्या तक्रारी ठरावीक असतात. पंख्याचा रेग्युलेटर वर्ष-दोन वर्षांत अडकतो. प्लग काढला तर त्याच्या पितळी पिना हिरवट दिसतात. बटण दाबले की आत चर्र आवाज होतो. वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांना बारीक छिद्रे पडून त्यातला वायू निघून जातो. पहिल्या पावसात घरातली वीज काही कारण नसताना ‘ट्रिप’ होते आणि तारतंत्री येईपर्यंत पुन्हा आलेलीही असते. सर्वात वाईट तक्रार म्हणजे गीझरच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. या साऱ्यामागे एकच पदार्थ आहे, आणि तो प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असतो.

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते हे आपण पाहतो. शुद्ध सोडिअम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइडही असते. त्याला ३३ टक्के आर्द्रतासुद्धा पुरते. आता हेच मीठ बरणीत नसून वाऱ्याबरोबर येऊन स्विचच्या आत, तारेच्या जोडावर, मीटरच्या पेटीत बसले आहे अशी कल्पना करा. कोकणपट्टीच्या हवेत वर्षातले कित्येक महिने त्या जागी द्रावणाचा एक पातळ, न दिसणारा थर असतो. मिठाचे द्रावण विजेचे वाहक असते, कारण त्यात आयन मोकळे फिरतात. ‘आयन’ हा शब्द मायकेल फॅरडेने १८३४ मध्ये रूढ केला. पण नुकसानीचा अनुभव त्याच्याही आधीचा आहे.

१७६१ मध्ये इंग्रज नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून तळ वाचावा हा हेतू. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तांबे शाबूत होते, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे बऱ्याच ठिकाणी गळून गेले होते. मात्र काही खिळे जसेच्या तसे होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी तसाच राहिला होता, आणि जिथे कागदाने तांबे व लोखंड वेगळे ठेवले होते तिथे लोखंड वाचले होते. समुद्राच्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकू देऊ नयेत, एवढा धडा मिळाला. कारण कळायला १८०० साल उजाडावे लागले. त्या वर्षी व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड, अशी चळत रचून पहिला विद्युतघट जाहीर केला. ‘अलार्म’चा तळ हा नकळत बनलेला मोठा विद्युतघटच होता. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने तीच युक्ती उलटी फिरवली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले की ते झिजतात आणि तांबे वाचते, हे त्याने दाखवले. गंमत अशी की तांबे इतके छान वाचले की त्यातून विरघळणारे विष कमी पडले आणि जहाजाच्या तळावर शिंपल्या-शेवाळांची दाटी झाली. नौदलाने ती योजना सोडून दिली.

आता घराकडे येऊ. १९६० नंतरच्या काळात परकीय चलनाची टंचाई होती, तांबे बहुतांशी बाहेरून आणावे लागे, म्हणून आपल्याकडे घरगुती वायरिंगमध्येही ॲल्युमिनियमच्या तारा मोठ्या प्रमाणात आल्या. ही तार स्विचच्या पितळी स्क्रूखाली आवळली जाते किंवा तांब्याच्या तारेला पिळून जोडली जाते. त्यावर खारट ओलावा बसला की व्होल्टाची चळत तयार! ॲल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी भुकटी होते, जोड सैल पडतो, रोध वाढतो, आणि जोडात उष्णता निर्माण होते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून पंखा-दिव्यावर वर्षानुवर्षे काही न बिघडलेला जोड गीझर किंवा इस्त्री लावताच काळा पडतो. ॲल्युमिनियमला नावे ठेवणे सोपे आहे. माझ्या मते त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या तारांनीच कितीतरी घरांत दिवा पोचवला. चूक धातूची कमी आणि जोड उघडा ठेवण्याची जास्त होती.

उपायही आपल्या आज्यांना ठाऊक होता. पितळेच्या भांड्यात आंबट-खारट ठेवले की ते कळकते, म्हणून भांड्याला कल्हई करतात. रबराच्या वेष्टनाच्या जुन्या विजेच्या तारांतले तांबेही कल्हई केलेले असे, कारण रबरात मिसळलेले गंधक तांब्याला खाते. गंधकाचा त्रास खाडीकाठी आजही आहे, फक्त तो आता बाहेरून येतो. खाडीच्या चिखलातले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. ओहोटीला येणारा सडक्या अंड्याचा वास तो हाच. सांडपाणी मिसळले की तो वाढतो. तांबे आणि चांदी दोन्ही त्याने काळी पडतात, आणि विद्युत-उपकरणांतले बारीक संपर्कबिंदू बहुधा याच धातूंचे असतात.

हा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. तांब्याची व ॲल्युमिनियमची तार घासून एकमेकींना घट्ट पिळा. अशा दोन जोड्या करा. एकीभोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळा आणि रोज ओले करा. दुसरी कोरडी ठेवा. आठ-दहा दिवसांनी दोन्ही उकलून भिंगाखाली पाहा. मल्टिमीटर असेल तर वेगवेगळ्या दोन तारा मिठाच्या पाण्यात बुडवून त्यांच्यातले विभवांतर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास काटा जाईल. तक्त्यातली प्रमाण विभवे घेऊन हिशेब केला तर दोन व्होल्ट यायला हवेत. फरक का, हा प्रश्न मुलांना विचारा. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर हे त्याचे उत्तर.

खाऱ्या पाण्यापासून वीज वेगळी ठेवण्याची विद्या सर्वात आधी तारायंत्रवाल्यांनी कमावली. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये तारायंत्राची प्रायोगिक लाईन उभारली, आणि हुगळीच्या पाण्याखालून तार नेण्याचे प्रयोग केले. पुढे मलायातल्या झाडांचा चीक, गटापर्चा, हाती आला. तो हवेत ठिसूळ होतो, पण समुद्रात टिकतो. त्याच्याच जोरावर १८७० मध्ये सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राखालची तार आली. म्हणजे घराघरांत दिवे लागण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातली विद्युत-अभियांत्रिकी पोचली होती.

पण ती समुद्रातली. हवेतल्या तारांचा प्रश्न वेगळा. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज येऊ लागली, तेव्हा तारा धरणारे चिनी मातीचे इन्सुलेटर महत्त्वाचे झाले. त्यांचा आकार एकाखाली एक छत्र्या लावल्यासारखा का असतो? दोन टोकांमधले पृष्ठभागावरून मोजलेले अंतर वाढावे आणि पावसातही छत्रीखालचा भाग कोरडा राहावा म्हणून. किनाऱ्यावर मात्र त्या छत्र्यांवर मीठ आणि धूळ बसते. मुसळधार पावसाची भीती नसते, तो धुऊन काढतो. भीती असते पहाटेच्या दवाची आणि मृगाच्या आधीच्या चार थेंबांची. थर भिजतो पण वाहून जात नाही. त्यातून गळतीची धारा सुरू होते, ठिणग्या नाचतात आणि कधी वीज इन्सुलेटरच्या अंगावरून उडी घेते. घरातला बाहेरच्या भिंतीवरचा स्विच हा याचाच छोटा अवतार. पहिल्या पावसातले ते गूढ ट्रिपिंग आणि तारतंत्री येईपर्यंत आपोआप बरे होणे, दोन्ही यात आले.

रेल्वेने खाडीकाठी आणखी एक धडा आणला. मुंबईत १९२५ मध्ये १५०० व्होल्ट एकदिश दाबावर विजेची गाडी सुरू झाली. १९३० पर्यंत ही पद्धत पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेली होती. त्यासाठी ठाकुर्लीला उल्हास नदीकाठी चोळा पॉवर हाऊस बांधले गेले. या पद्धतीत धारा वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. परत जाताना थोडी वाट चुकते आणि जमिनीत शिरते. जमीन खारट व ओली असेल तर तिला वाट सोपी. जवळच्या लोखंडी नळात ती शिरली तर त्रास नाही, पण जिथून ती बाहेर पडते तिथे लोखंड विरघळते. फॅरडेच्या नियमाने गणित करा : १ अँपिअर धारा वर्षभर लोखंडातून मातीत जात राहिली तर सुमारे ९ किलो लोखंड नाहीसे होते. दिशा सतत उलटणाऱ्या प्रत्यावर्ती धारेत हे नुकसान फार कमी असते. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गाचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारेवर रूपांतर २०१५ मध्ये पुरे झाले, हार्बर मार्गाचे २०१६ मध्ये. रूपांतराची कारणे वेगळी होती, गाड्यांची क्षमता आणि विजेची बचत ही मुख्य. जमिनीखालच्या लोखंडाचा लाभ त्याच्याबरोबर आला.

शीळफाट्याच्या दोन जमिनी आठवा. समुद्राच्या पाण्याची विशिष्ट रोधकता ०.२ ओहम-मीटर असते, कोरड्या बेसॉल्टची हजाराच्या पुढेही जाते. समजा डोंगराच्या उतारावरच्या घरात अर्थिंगचा रोध ३० ओहम आहे. गीझरमधली वीज त्याच्या लोखंडी अंगाला लागली तर ओहमच्या नियमाने २३० भागिले ३०, म्हणजे पावणेआठ अँपिअर धारा जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा फ्यूज हे गीझरचेच काम समजून शांत राहील, आणि नळ जिवंत राहील. मिठाच्या पाण्याने ओल्या झालेल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. याच्या कितीतरी कमी धारेने माणूस दगावतो. खडकात अर्थिंगचा खड्डा घेताना कोळसा आणि मीठ यांचे थर देतात ते रोध खाली आणण्यासाठी. एरवी शत्रू असलेले मीठ इथे आपणच विकत आणून पुरतो! खाजणात याची गरज नसते, रोध आधीच कमी असतो. पण तिथली लोखंडी सळई त्याच मिठाने गळत जाते, आणि काही वर्षांनी भिंतीतून उतरलेली हिरवी तार खाली कशालाही जोडलेली नसते. वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही.

फ्यूज माणसासाठी नसतो, तारेसाठी असतो, हे विज्ञान-तंत्रज्ञानाला उशिरा उमगले. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींसाठी हेन्री रुबिनने गळती ओळखणाऱ्या उपकरणावर काम केले. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिएल हे किती धारेपर्यंत माणूस हातातली तार सोडू शकतो हे स्वयंसेवकांवर मोजत होते. पुरुषांसाठी सरासरी १६ मिलिअँपिअर आली. १९६१ मध्ये त्यांनी घरगुती उपकरण मांडले. तत्त्व साधे आहे : जितकी धारा एका तारेतून आत गेली तितकी दुसरीतून परत आली पाहिजे. फरक पडला म्हणजे कुठेतरी गळती आहे, कदाचित माणसातून. आपल्याकडे ३० मिलिअँपिअरला तुटणारी उपकरणे घरांत वापरतात. नियमांत त्यांची सक्ती आली, पण ती सुरुवातीला ५ किलोवॅट आणि त्यावरच्या भारापुरती. खाडीकाठच्या चाळीतली खोली, जिथे एक पंखा, दोन दिवे आणि पाण्याची मोटर, ती या सक्तीबाहेर राहिली. धोका मात्र तिथेच जास्त होता. आजही अनेक घरांत हे उपकरण ‘सारखे पडते’ म्हणून तारतंत्र्याकडून काढून टाकले जाते. ते पडते तेव्हा ते आपले काम करत असते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हासच्या पुराने कल्याणचा परिसरही बुडाला. पुराचे गोडे पाणी घरात आले तर वाळवून बरेचसे वाचते. भरतीचे पाणी आले तर पाणी जाते, मीठ राहते. २९ ऑक्टोबर २०१२ च्या ‘सँडी’ वादळात न्यूयॉर्कच्या ब्रीझी पॉइंट या किनारी वस्तीत समुद्राचे पाणी एका घराच्या वायरिंगला लागले; त्यातून सुरू झालेल्या आगीत सव्वाशेच्या आसपास घरे जळाली, असे तिथल्या अग्निशमन दलाच्या तपासात निघाले. त्याच वादळात खाऱ्या पाण्याने भरलेल्या एका भुयारी रेल्वेमार्गाची पूर्ण दुरुस्ती २०२० मध्ये संपली.

म्हणून खाडीकाठच्या घरात पाणी चढायला लागले की आधी मुख्य स्विच बंद करायचा, कोरड्या जागी उभे राहून, पाणी स्विचबोर्डापर्यंत पोचण्याच्या आत. नंतर खाली असलेले सॉकेट, जोड आणि मीटरची पेटी नुसती वाळवून चालत नाही. तारतंत्र्याकडून उघडून पाहावी लागते, आणि ज्यात खारे पाणी शिरले ते स्विच-सॉकेट बदलावेच लागतात. वीजपुरवठा तोवर सुरू करायचा नाही, शेजारच्या घरात दिवे लागलेले दिसत असले तरी.