कोनशिलेखालील ठेवा

कोनशिला बसविताना तिच्याखाली त्या काळची नाणी व लेख ठेवण्याचा प्रघात पुष्कळ देशांत आहे. ज्युबिलीनिमित्त बांधावयाच्या आपल्या शाळागृहाच्या पायातही अशी पेटी असावी व तीत बाप्तिस्म्याची जुनी वही ठेवावी, असा आग्रह कित्येकांनी धरिला आहे. तेव्हा अमेरिकेतील बोस्टन शहरची एक हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

तेथील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सभागृहाची कोनशिला ४ जुलै १७९५ रोजी गव्हर्नर सॅम्युएल अ‍ॅडम्स व पॉल रिव्हियर यांनी बसविली. संयुक्त संस्थानांत त्या वेळी १५ राज्ये होती, म्हणून शिळा १५ पांढऱ्या घोड्यांनी ओढून आणिली. रिव्हियर हे फ्रीमेसन मंडळाचे मुख्य, आणि त्या मंडळाशी ख्रिस्तसभेचे सख्य नाही, हे वाचक जाणतातच. परंतु त्याच सभागृहाचे शिल्पकार चार्ल्स बुलफिंच, स्वतः प्रॉटेस्टंट असूनही, १८०३ साली पुऱ्या झालेल्या बोस्टनच्या कॅथलिक देवळाचा नकाशा मोबदला न घेता काढून देते झाले, हेही सांगितले पाहिजे.

पहिला ठेवा गाईच्या कातड्यात गुंडाळिला होता. १८५५ साली दुरुस्तीच्या वेळी तो हाती लागला. त्या पिढीने त्यास पितळी पेटी केली, नवी नाणी भर घातली. आणि जुनी नाणी उजळावी म्हणून ती आम्लाने धुतली. हेतू शुद्ध, पण आम्लाने काही नाणी खाल्ली.

पुढे २०१४ च्या डिसेंबरात, पाणी कोठून झिरपते हे शोधताना पेटी पुन्हा दिसली. छिन्नीने हळूहळू दगड फोडून ती काढण्यास कित्येक तास लागले. ६ जानेवारी २०१५ रोजी ती उघडिली. आत घडी घातलेली पाच वर्तमानपत्रे, वॉशिंग्टनचे तांब्याचे पदक, कोरीव लेखाचा रुप्याचा पत्रा व वीसाहून अधिक नाणी निघाली. सर्वांत जुन्या शिलिंगावर पाइन वृक्ष व १६५२ हा सन आहे. गंमत अशी की, बोस्टनच्या टांकसाळीने पुढे सुमारे ३० वर्षे तोच सन छापिला. तेव्हा नाण्यावरील सनावरून नाण्याचे खरे वय कळतच नाही! कोणते नाणे केव्हा पाडिले हे ठरविण्यास बाहेर जपलेल्या दप्तराचीही कास धरावी लागते. त्याच वर्षी जूनमध्ये नवी नाणी घालून पेटी पुनः पायात गेली.

यास्तव आम्ही असे ठरविले आहे: पेटी धातूची होईल, घरोघरची जुनी नाणी कोणी चिंचेने वा राखेने न घासता आहेत तशीच आणावी. बाप्तिस्म्याच्या वहीची नक्कल पेटीत जाईल. मूळ वही मात्र कपाटातच राहील.